ओपनएलडॅप २.६: मेमरीचा हिशेब मागितल्यावर

डिरेक्टरी सर्व्हरचं, म्हणजे वापरकर्त्यांची यादी सांभाळून लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं, परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. तो चालू असतो तोवर त्याची आठवणही कुणाला होत नाही, आणि बंद पडला की लिहायला सवड नसते. मी पाच वर्षं ओपनएलडॅप हा असाच एक सर्व्हर सांभाळतेय. त्यातली साडेचार वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही पाहावं लागलं नाही, हे आधीच कबूल करते. हे लिहितेय ते उरलेल्या सहा महिन्यांबद्दल.

आमची डिरेक्टरी तशी लहान, ४० हजारांच्या आसपास नोंदी. जुन्या दणकट मशीनवरून ती कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, हलवायचं ठरलं. कंटेनरला मेमरीची १ जीबीची मर्यादा मीच घातली, तीही ऐटीत, ‘एवढी तरी कशाला लागतेय’ म्हणत. तिसऱ्या रात्री फोन आला: कुणालाच लॉगिन होईना. स्लॅपडीच्या, म्हणजे ओपनएलडॅपच्या सर्व्हर-प्रोसेसच्या, लॉगमध्ये शेवटची ओळ एका साध्यासुध्या सर्चची, आणि त्यानंतर थेट पुन्हा सुरू झाल्याची. मधे काही नाही. कारण सापडलं कर्नलच्या लॉगमध्ये: मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरने स्लॅपडीला उडवलं होतं. सिगकिल (तिथल्या तिथे मारण्याचा सिग्नल) खाल्लेल्या प्रोसेसला शेवटचे शब्द बोलायला मिळत नाहीत, त्यामुळे यात स्लॅपडीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण नवखा माणूस स्लॅपडीचाच लॉग चाळत पहाट करतो. आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा.

दुसऱ्या दिवशी टीममधल्या पोराने टॉप (प्रोसेसांची मेमरी दाखवणारा आदेश) उघडला आणि ओरडलाच, ‘ताई, २० जीबी!’ तो व्हर्चचा, म्हणजे व्हर्च्युअल मेमरीचा, रकाना होता. ओपनएलडॅपचा डेटाबेस म्हणजे एलएमडीबी. तो अख्खी डेटा फाइल मेमरीत मॅप करतो, आणि मॅपचा आकार म्हणजे तुम्ही मॅक्ससाइझमध्ये लिहाल तो. काहीच लिहिलं नाही तर जेमतेम १० एमबी, म्हणून सगळेच तो आकडा सढळ हाताने वाढवून ठेवतात. आम्ही २० जीबी लिहिले होते. हा नुसता पत्त्यांचा राखून ठेवलेला पट्टा, रॅम नव्हे. (मॅप भरल्याची एमडीबी_मॅप_फुल ही एररही रॅम संपल्याची नसते. तिच्यापायी लोकांनी सर्व्हरला रॅम वाढवून घेतल्याचं मी पाहिलंय.) रेसचा, म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीचा, रकानाही तितकाच फसवा. त्यात फाइलची वाचली गेलेली पानंही मोजली जातात, आणि तंगी आली की कर्नल ती बिनबोभाट सोडून देतो. खरा आकडा बघायचा तो प्रॉक-फाइलसिस्टिममधल्या स्टेटसमध्ये. लिनक्स ४.५पासून तिथे आरएसएस-अ‍ॅनॉन आणि आरएसएस-फाइल वेगवेगळे दिसतात. अ‍ॅनॉन म्हणजे कुठल्याही फाइलशी न जोडलेली, प्रोसेसने स्वतःसाठी घेतलेली मेमरी. जीव जातो तो अ‍ॅनॉनपायी.

एलएमडीबीबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलते. ज्यांनी जुना बर्कली डीबीचा बॅकएंड (डेटा साठवणारा भाग) हाताळलाय त्यांना आठवेल: एन्ट्री कॅश वेगळा, आयडीएल (नोंदींच्या क्रमांकांच्या याद्यांचा) कॅश वेगळा, खालच्या डीबीचा कॅश वेगळा. तिघांना मेमरी वाटून देताना अंदाजपंचे कारभार, आणि एकच नोंद दोनदोन ठिकाणी साठलेली. २०२१ साली आलेल्या २.५ने ते बॅकएंड काढून टाकले. आता कॅश म्हणजे कर्नलचा पेज कॅश (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत), जुळवायला काही उरलंच नाही. या एका गोष्टीसाठी एक अख्खा तारा.

तर आमचा अ‍ॅनॉन किती होता? एकही क्लायंट जोडलेला नसताना, सर्व्हर नुकताच सुरू केलेला असताना, ७४० एमबी! तोच डेटा, तेच कॉन्फिगरेशन माझ्या मशीनवर थेट चालवलं तर ३० एमबीसुद्धा नाही. मी दिवसभर इंडेक्स तपासले, ओव्हरले (सर्व्हरला लावायच्या जोडसुविधा) एकेक करून काढले, रिकामा डेटाबेस घेऊन पाहिला. रिकाम्यालाही ७४०. तिथे डोक्यात प्रकाश पडला की खाणारा डेटा नव्हेच.

कंटेनरमध्ये युलिमिट या आदेशाने विचारलं: एकाच वेळी किती फाइली उघडता येतील? उत्तर आलं १०,४८,५७६. माझ्या मशीनवर १०२४. प्रत्येक कनेक्शन सिस्टिमच्या लेखी एक उघडी फाइलच. स्लॅपडी सुरू होताना सिस्टिमला हाच प्रश्न विचारतो, आणि जितक्या फाइली उघडता येतील तितक्या कनेक्शनांचा तक्ता आधीच मांडून बसतो. दहा लाखांहून जास्त पानं मांडलेली, जेवायला कुणी नाही. ७४० एमबीला भागून पाहिलं तर पानामागे सातशेच्या वर बाइट पडतात. नुसती मागितलेली मेमरी लिनक्स हात लावेपर्यंत खर्ची टाकत नाही हे खरं, पण स्लॅपडी प्रत्येक खणात त्याचा क्रमांक लिहून ठेवतो. दहा लाख खणांना हात लागला, म्हणजे सगळी रॅम खरोखरच खर्ची पडली.

फाइलींची मर्यादा ८१९२ केली. अ‍ॅनॉन ३० एमबीच्या आसपास. दोन दिवस ज्याच्या मागे घालवले तो उपाय एका ओळीचा. दोष आमच्याच कंटेनरच्या ढोबळ सेटिंगचा होता, पण माझी तक्रार अशी की दहा लाखांचा तक्ता मांडताना ‘बाबांनो, एवढी जागा घेतोय’ अशी एक ओळ लॉगमध्ये आली असती तर माझे दोन दिवस वाचले असते. काही ठिकाणी ही मर्यादा शंभर कोटींच्या वर असते. तिथे तर सर्व्हर उठतानाच आडवा होतो, आणि तेही बरंच म्हणायचं: निदान लगेच कळतं. आमच्यासारखं सुरळीत चालल्याचं सोंग वाईट.

बाकीची मेमरी कुठे गेली, तेही कागदावर मांडून पाहिलं. सर्च फिल्टर सोडवायला प्रत्येक थ्रेडला (सर्व्हरमधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकेकाला) एक स्टॅक, म्हणजे कामापुरती राखलेली मेमरी, मिळतो, पातळीमागे ५१२ केबी. मुळात १६ पातळ्या, म्हणजे थ्रेडला ८ एमबी. मुळातले थ्रेडही १६. झाले १२८ एमबी. हे सगळं मॅन पेजमध्ये नीट छापलेलं आहे, वाचणाऱ्याने वाचलं नव्हतं. वर आम्ही सर्व्हरकडून क्रमवार निकाल देणारा एसएसएसव्हीएलव्ही ओव्हरले लावला होता. तो क्रम लावायचा तर सगळा निकाल हाती धरून बसतो. रात्री एक अ‍ॅप अख्खी यादी नावांच्या क्रमाने मागायचं. ७४०वर १२८, त्यावर ही यादी, की १ जीबी ओलांडलीच. अ‍ॅपवाल्यांना सांगितलं, क्रम तुमच्या बाजूला लावा, आणि ओव्हरले काढून टाकला.

एवढं करूनही आठवडाभरात अ‍ॅनॉन १५०वरून ४२०वर चढला. आता लीकच, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडली जात नाही, असं सगळे म्हणाले. लीक शोधणाऱ्या व्हॅलग्रिंडखाली चालवायचा प्रयत्न केला, पण स्लॅपडी इतका रेंगाळला की क्लायंटच वाट बघून निघून जायला लागले. निष्पन्न काही नाही. मग ग्लिबसीच्या मॅलॉककडे, म्हणजे प्रोसेसला मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरकडे, वळले. त्याची अरेना पद्धत ६४-बिट मशीनवर कोअरच्या आठपटीपर्यंत अरेना (मेमरीचे वेगवेगळे साठे) उघडू देते. प्रत्येक थ्रेड आपापल्या अरेनात लहानमोठे तुकडे घेतो-सोडतो, आणि मधली भोकं कर्नलला परत जात नाहीत. अरेनांची संख्या २ वर आणली तर फरक पडला, पण थोडाच. एलडी_प्रीलोडने जेमॅलॉक हा दुसरा अ‍ॅलोकेटर लावल्यावर आलेख १८०च्या आसपास सपाट झाला, तो आज चार महिने तसाच आहे. खरा लीक असता तर अ‍ॅलोकेटर बदलून थांबला नसता.

मोठी नाराजी एकच. स्लॅपडीची स्वतःची आकडेवारी दाखवणाऱ्या सीएन-मॉनिटरमध्ये कनेक्शनं दिसतात, थ्रेड दिसतात, एलएमडीबीची वापरलेली आणि मोकळी पानंसुद्धा दिसतात. हीपचं, म्हणजे अ‍ॅलोकेटरकडून घेतलेल्या मेमरीचं, मात्र नाव नाही. ज्या सर्व्हरला कोण कधी बाइंड झालं (लॉगिन केलं) याची इत्थंभूत खबर ठेवता येते, त्याला स्वतःच्या पोटात काय आहे ते सांगता येऊ नये? त्यासाठी आमचं आम्हीच स्क्रिप्ट लिहिलं. ते दर मिनिटाला अ‍ॅनॉनचा आकडा उचलतं आणि ४०० ओलांडले की हाका मारतं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला तो मॉनिटरपायी, अर्धा त्या न छापलेल्या ओळीपायी. ज्यांच्याकडे कर्नलचे आकडे वाचणारं कुणी नाही आणि पडद्यावरची बटणं दाबून कारभार चालवायचाय, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे असं माणूस आहे, त्यांनी कंटेनर चालू करण्याआधी फाइलींची मर्यादा तेवढी बघून घ्यावी. आमच्या कंटेनरची मर्यादा अजून १ जीबीच आहे. वाढवावी लागली नाही.