जुन्या गाडीचे फॉल्ट कोड: वाचायचे कशाने आणि पुसायचे कसे

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की त्यामागचा फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक, वाचण्याचे चार मार्ग मालकापुढे असतात. तारेने दोन टोके जोडून दिव्याची उघडझाप मोजता येते, मोबाइलशी बोलणारा छोटा अडॅप्टर लावता येतो, स्वतःचा पडदा असलेला हातात मावणारा कोड रीडर घेता येतो, किंवा गाडीतील सर्व यंत्रणा तपासणारा पूर्ण स्कॅनर वापरता येतो. या प्रत्येक मार्गात कोड पुसण्याची काही ना काही सोय आहेच. खरा फरक पडतो तो पुसण्याआधी आपल्याला किती दिसते यात, आणि निवड करताना माझ्या मते हीच कसोटी लावावी.

त्याआधी गाडी कोणत्या पिढीची आहे हे पाहणे भाग आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना, तर युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल मोटारींना ओबीडी-२ ही दोष नोंदवण्याची आणि वाचण्याची समान पद्धत आणि तिचे सोळा पिनांचे कनेक्टर बंधनकारक झाले. मात्र सोळा पिनांचे तोंड दिसले म्हणून गाडी ओबीडी-२ आहेच असे मानू नये, कारण १९९४-९५ च्या काही गाड्यांत असे कनेक्टर असूनही आतली भाषा जुनीच आहे. कनेक्टरमध्ये विजेरीचा प्रकाश टाकून धातूचे संपर्क कोणत्या घरांत आहेत ते पाहावे: ६ आणि १४ मध्ये असतील तर गाडी सहसा कॅन हा प्रोटोकॉल (संवादाची भाषा) वापरते, ७ मध्ये असेल तर जुनी के-लाइन, आणि २ मध्ये (काही गाड्यांत सोबत १० मध्येही) असेल तर त्याहून वेगळा जे-१८५० प्रोटोकॉल. ही दोन मिनिटांची तपासणी पुढे चुकीची खरेदी टाळते.

सोळा पिनांच्या आधीच्या गाडीसाठी तारेची पद्धत हीच सहसा योग्य निवड आहे. कनेक्टर बदलणारी केबल लावून आधुनिक अडॅप्टर जोडला तरी त्याला ती जुनी भाषा समजत नाही. टोयोटाच्या नव्वदच्या दशकातील अनेक गाड्यांत बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीतील टीई१ आणि ई१ ही टोके जोडून, इंजिन सुरू न करता चावी ऑनवर आणली की दिवा लुकलुकू लागतो. दोष नोंदलेला नसेल तर तो एकाच लयीत चालू-बंद होत राहतो. कोड २२ असेल तर दोन झपके, छोटा थांबा, पुन्हा दोन झपके आणि मग मोठा थांबा असा क्रम दिसतो, आणि त्याचा अर्थ कूलंटच्या तापमान सेन्सरचा सिग्नल बिघडला आहे असा होतो. जनरल मोटर्सच्या जुन्या बारा पिनांच्या कनेक्टरमध्ये ए आणि बी जोडल्यावर आधी १२ हा आकडा तीनदा येतो. तो यंत्रणा जागी असल्याची खूण असून खरे कोड त्यानंतर प्रत्येकी तीनदा येतात. कागद-पेन्सिल घेऊन पूर्ण फेरी दोनदा लिहून घ्यावी, आणि टोकांची नावे डबीच्या झाकणावर वाचून खात्री झाल्याशिवाय तार लावू नये, कारण चुकीची जोडणी फ्यूज किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) हाच जाळू शकते. या पद्धतीची मर्यादा अशी की ती फक्त आकडा देते. दोष कोणत्या परिस्थितीत आला ते सांगत नाही.

ओबीडी-२ असलेल्या जुन्या गाडीसाठी खरी चुरस अडॅप्टर आणि कोड रीडर यांच्यात आहे. मोबाइलच्या मोठ्या पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान वरखाली होताना आलेखात पाहणे ही अडॅप्टरची मोठी जमेची बाजू आहे. पण बाजारातले बहुसंख्य स्वस्त अडॅप्टर हे ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत, आणि त्यांवर छापलेली १.५ ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. अशा काही नकलांमधून नेमके जुने प्रोटोकॉल गाळलेले असतात. नव्या गाडीत त्या सुरळीत चालतात आणि के-लाइनच्या गाडीत नुसत्या ‘जोडत आहे’ म्हणत राहतात. शिवाय सोळाव्या पिनला बॅटरीचा प्रवाह कायम मिळत असल्याने अडॅप्टर लावून ठेवल्यास जुनी बॅटरी उतरते. कोड रीडरमध्ये ॲप, जोडणी, परवानग्या यांचा खटाटोप नसतो. म्हणून २००८ पूर्वीच्या गाडीसाठी मी रीडरच सुचवेन, मात्र तो फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला त्या क्षणीची इंजिनाची स्थिती) आणि पेंडिंग कोड (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) दाखवणारा हवा. केवळ ‘वाचा’ आणि ‘पुसा’ अशी दोन बटणे असलेला रीडर घेऊ नये.

फ्रीझ फ्रेमवर इतका भर देण्याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पी०१७१ म्हणजे इंधन-हवा मिश्रणात इंधन कमी पडत आहे. नोंद होताना इंजिन तापलेले होते, इंजिनाचे फेरे मिनिटाला ७५० होते आणि भार अगदी कमी होता असे फ्रेममध्ये दिसले, तर आधी इनटेकच्या रबरी नळ्यांमधील व्हॅक्यूम गळती शोधावी, कारण आयडलिंगला आत शिरणाऱ्या थोड्या हवेत गळतीचा वाटा मोठा ठरतो. तीच नोंद ३००० फेऱ्यांवर आणि जास्त भाराखाली झाली असेल, तर संशय इंधन पंप, फिल्टर किंवा हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरकडे जातो. कोड एकच असला तरी शोधाच्या दिशा दोन होतात, आणि पुसण्याचे बटण दाबताच हा फरक सांगणारी नोंद कायमची जाते.

पूर्ण स्कॅनर एका गाडीसाठी क्वचितच लागतो. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, किंवा स्कॅनरवरून एखादा व्हॉल्व्ह चालवून पाहायचा असेल, तर तो असलेल्या गॅरेजमध्ये जावे. पी१ ने सुरू होणारे कोड मात्र त्या त्या उत्पादकाचे असतात, त्यामुळे त्यांचा अर्थ सर्वसाधारण यादीत न शोधता गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा.

पुसण्याच्या पद्धतींत बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे हा सर्वात परिचित आणि माझ्या मते सर्वात वाईट मार्ग आहे. त्यात कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, ईसीयूने शिकलेले आयडलिंग व इंधनाचे समायोजन जाते, आणि काही गाड्यांत रेडिओ सुरक्षा-कोड मागू लागतो. जुन्या ओबीडी-१ (ओबीडी-२ च्या आधीच्या पिढीच्या) गाडीत मॅन्युअलने सांगितलेला ईसीयूचा फ्यूज काढणे पुरेसे असते. रीडरने पुसल्यास घड्याळ आणि रेडिओ शाबूत राहतात, पण ओबीडी-२ च्या स्वयंचाचण्यांची ‘तयार’ स्थिती शून्यावर येते आणि लगेच उत्सर्जन तपासणीला गेल्यास गाडी ‘तयार नाही’ अशी ठरू शकते. तपासणी जवळ आली असेल तर तिसरा पर्याय उत्तम: दुरुस्ती करून काहीच न पुसणे. बहुतेक दोषांसाठी गाडी चालवण्याच्या सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि पुढे इंजिन ४० वेळा गार होऊन तापल्यावर कोडही निघून जातो.

गाडी चालवताना दिवा लुकलुकत असेल तर यातले काहीच करत बसू नये. तो तीव्र मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा, इशारा आहे. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते, म्हणून जोर न देता गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

रीडरनेच पुसायचे ठरवले तर दुरुस्ती झाल्यावर, पडद्याचा फोटो काढून, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून पुसावे. दुसऱ्या दिवशी गार इंजिनापासून सुरुवात करून फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्याच फेऱ्यांवर आणि भारावर गाडी चालवावी आणि पेंडिंग कोड पाहावेत. अनेक दोषांत दिवा दुसऱ्या सदोष फेरीनंतरच लागतो, पण पेंडिंग यादीत तो पहिल्याच फेरीत उमटतो. तोच कोड तेथे दिसला तर पुन्हा न पुसता शोध पुढे चालू ठेवावा.