फ्रीजचा सुटा थर्मोस्टॅट: घेण्याआधी काय बघावं

तालुक्याच्या बाजारात कुलरच्या पंपांशेजारी टांगलेला असतो, तो सिंगल डोअर फ्रीजचा सुटा थर्मोस्टॅट, म्हणजे गारवा पुरेसा झाला की कंप्रेसर (मागची मोटर) बंद आणि कमी झाला की चालू करणारा स्विच. वस्तू दोन-चारशे रुपयांची. बरा निघाला तर वर्षानुवर्षं त्याच्याकडं बघावं लागत नाही. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात जुना म्हणून काढून फेकलेला थर्मोस्टॅट पुष्कळदा चांगलाच असतो आणि नवा बसवूनही फ्रीज तसाच राहतो. (डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बहुतेक सेन्सर आणि कार्ड (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) असतं. तिथं हा चालत नाही.)

आधी उन्हाचा हिशोब करा. फ्रीजच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास छापलेला असतो. ‘एन’ म्हणजे 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडं मे महिन्यात सावलीतलाच पारा 45 च्या वर जातो. टिनाखालच्या स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. अशा दुपारी कंप्रेसर थांबत नसेल तर त्यात थर्मोस्टॅटचा गुन्हा नाही. परीक्षा पहाटे घ्यावी. नॉब मधल्या आकड्यावर ठेवा, रात्री दार उघडू नका, मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून ठेवा. पहाटे 3 ते 7 अंश दिसले आणि कंप्रेसर थांबून-थांबून चालत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. कंप्रेसर थांबत नाही आणि खालच्या कप्प्यातली भाजी, दूध गोठतं, तर संशय थर्मोस्टॅटवर. थांबत नाही आणि गारही होत नाही, तेव्हा गॅस, दाराचं रबर किंवा फ्रीझरवर साचलेला बर्फाचा जाड थर बघा.

फ्रीज अजिबात सुरूच होत नसेल तर कान द्या. मागून गुंss आवाज येऊन ‘टक’ होतं आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, तर थर्मोस्टॅट करंट पुढं देतोय. अडचण रिले (कंप्रेसर सुरू करणारा), ओव्हरलोड (जास्त करंट झाला की तो तोडणारा), कंप्रेसर किंवा व्होल्टेजची. संध्याकाळी डीपीवर लोड आला, बल्ब पिवळा पडला की हाच आवाज येतो. त्याच वेळी मल्टिमीटरने बोर्डावर मोजा, 180 व्होल्टच्या खाली असेल तर स्टॅबिलायझर बघा. आतला दिवा लागतो पण मागं एकदम सामसूम, हे मात्र थर्मोस्टॅटचं लक्षण.

तरी लगेच बाजारात जाऊ नका. नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटन आत दबून राहिलं तरी हीच सामसूम असते. बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर यायला हवं. फ्रीझर कोरडा झाला तरी आतच असेल तर नॉब काढून दांडा हलकेच ओढा. पुन्हा-पुन्हा अडकत असेल तर बदलाच. आणि बर्फ सुरीने खरवडू नका. फ्रीझरच्या पत्र्याला भोक पडलं तर सगळा गॅस जातो, आणि नव्या फ्रीजमधला आर-600ए गॅस पेट घेणारा आहे.

खात्री करायची असेल तर प्लग काढा, थर्मोस्टॅटची डबी उघडा, वायरींचा फोटो काढा आणि थर्मोस्टॅटच्या दोन मुख्य वायरी सोडवा. कुठली लाइनची, कुठली कंप्रेसरची, कुठली दिव्याची, हे अंदाजाने ठरवू नका. फ्रीज उघडा ठेवून साध्या हवेवर आला की नॉब 1 वर ठेवून ज्या दोन टोकांच्या वायरी सोडवल्या त्यांना मल्टिमीटर बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवून लावा. बीप यायलाच हवा, आणि नॉब 0 वर नेला की बंद व्हायला हवा. 1 वर बीप नाही म्हणजे बहुतेक नळीतला, म्हणजे थर्मोस्टॅटमधून फ्रीझरपर्यंत जाणाऱ्या बारीक नळीतला, गॅस निसटला. नळी गार झाली की आतला दाब उतरतो, थर्मोस्टॅटमधला छोटा भाता आकसतो आणि पॉइंट (करंट जोडणारे संपर्क) सुटतात. गॅस गेला की भाता कायमचा आकसलेला, म्हणून फ्रीज कायमचा बंद.

उलटा बिघाड म्हणजे पॉइंट चिकटणं. लाइट सारखी जाते-येते, व्होल्टेज डिम असतं, तिथं तो जास्त. तो तपासायला नळीचं टोक मीठ घातलेल्या बर्फात धरा, तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ. नुसतं बर्फाचं पाणी पुरत नाही, कारण कटऑफ, म्हणजे थर्मोस्टॅट बंद होण्याचं तापमान, शून्याच्या बराच खाली असतो. नॉब 1 वर असताना थोड्या वेळात ‘टिक’ होऊन बीप थांबला तर जुनाच परत बसवा. तेव्हा बहुधा नळीचं टोक फ्रीझरच्या क्लिपमधून सुटलेलं सापडेल.

आता सुट्या मालाबद्दल. कंपनीचा पार्ट मिळत असेल आणि दीडपट पैसे लागत असतील तर तोच घ्यावा. बिनानावाच्या मालात दोन दोष नेहमी दिसतात. एक, आकडे बरोबर नसतात: 2 वरच दही गोठतं, नाहीतर 5 च्या पुढं कटऑफच होत नाही. दुसरा त्याहून वाईट. वायरीचं थिंबल (टोकावर बसणारी धातूची क्लिप) टोकावर सैल बसतं, तापतं आणि प्लास्टिक काळं पडतं. थिंबल पकडीने हलकं दाबून बसवलं तर हा दुसरा दोष टळतो, पहिल्याला इलाज नाही.

घेताना जुना नग सोबत न्या. दांड्याचा आकार, स्क्रूची भोकं, टोकांची संख्या, डीफ्रॉस्ट बटन आणि नळीची लांबी जुळली पाहिजे. आखूड नळी टोकापर्यंत पोचत नाही. लांब नळीचं वेटोळं मधेच फ्रीझरला टेकलं तर कंप्रेसर लवकर बंद होतो, कारण नळी जिथं सगळ्यात गार तिथलंच ऐकते. नळीला मोड आलेला नग हातात आला तर तिथंच परत करा. बसवतानाही बोटाभोवती गोल वळवा, कोन पडू देऊ नका.

मल्टिमीटर दुकानातच लावून बघा. 0 सोडून कुठल्याही आकड्यावर बीप आला पाहिजे, नाहीतर दुसरा मागा. एकदा थिंबलच्या खुणा पडल्या की दुकानदार नग परत घेत नाही.