बिलावर नवी स्प्रिंग, आत जुनाच तुकडा

एअर रायफल दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. पिस्टनचं सील (हवा गळू न देणारी त्याची टोपी) आणि स्प्रिंग बदलली की नाही, हे रायफल हातात घेऊन कधीच कळत नाही. दोन्ही वस्तू सिलिंडरच्या आत, ग्रीसमध्ये माखलेल्या. बाहेरून दिसतो तो फक्त पुसून चकचकीत केलेला लाकडी दस्ता. मला ज्याने गंडवलं, त्याचा सगळा खेळ याच गोष्टीवर चालला होता.

माझी रायफल ४.५ मिमीची, नळी खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून शॉटसाठी तयार करायची, अशी साध्या स्प्रिंगची. कागदी लक्ष्यावर सराव करतो, बाकी काही नाही. गेले काही दिवस छर्रे खाली पडायला लागले होते. कॉक करताना आत करकर घासल्यासारखं व्हायचं आणि शॉट सुटला की अख्खी रायफल झणझणायची. दुकानदाराने ती हातात घेतली, एकदा कॉक केली आणि म्हणाला, "साहेब, स्प्रिंग तुटलीय आणि सीलही गेलंय. दोन्ही ओरिजिनल टाकून देतो." निदान अगदी बरोबर होतं. माणसाला कामाची जाण आहे, हे त्या एका वाक्यात कळलं आणि म्हणूनच विश्वास बसला. अडाणी कारागिराने काम बिघडवणं वेगळं. याला सगळं समजत होतं आणि तरी त्याने हे केलं, याचा मला जास्त राग आहे.

रायफल परत घ्यायला गेलो तेव्हा त्याने ती दुकानाच्या मागे नेली आणि माझ्यासमोर शॉट मारला. फाडकन आवाज झाला. नळीच्या तोंडाशी निळसर धूर आला. लोखंडी पत्र्यावर छर्रा पार चपटा झाला. "बघा, नव्यासारखी झाली!" जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "ते भंगारात गेले." बिलावर तीन ओळी: सील, स्प्रिंग, मजुरी. पार्ट कुठल्या कंपनीचे, कुठल्या मॉडेलचे, काही नाही.

तो आवाज आणि तो धूर नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला जोरात पुढे ढकलते. पिस्टनसमोरची हवा क्षणात दाबली जाते आणि प्रचंड तापते. ती हवा छोट्या भोकातून नळीत शिरते आणि छर्रा ढकलते. आता त्या हवेत तेलाची वाफ असेल, तर ती दाबानेच पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तसं. त्या जळण्याचा जोर छर्ऱ्याला मिळतो. भोकातून तेलाचे काही थेंब आत सोडले की मरायला टेकलेली रायफलही घटकाभर तोफेसारखी बोलते. नव्याने ग्रीस केलेल्या रायफलमधून सुरुवातीच्या शॉट्सना थोडासा धूर येऊ शकतो, ते चालतं. कानठळ्या बसवणारा कडकडाट मात्र ताकदीचा पुरावा नाही. उलट त्याने सीलची कड करपते, पिस्टनला उलटे धक्के बसतात आणि स्प्रिंग तुटायची वेळ येते.

क्लबमध्ये क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, लावली तेव्हा चित्र उघडं पडलं. पहिला शॉट सेकंदाला २६० मीटर, पुढचा २१०, मग एकदम २३५. चांगल्या स्थितीतल्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये एकाच डबीतल्या छर्ऱ्यांचा वेग इतका नाचत नाही, फरक काही मीटरचाच असतो. तेल जळत गेलं तसा आकडा उतरत गेला आणि १५०च्या आसपास येऊन थांबला. ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे घसरण दिसते त्याहून मोठी असते: ०.५५ ग्रॅमचा छर्रा २६० मीटर वेगाने गेला तर साडेअठरा ज्यूलच्या वर, १५०ने गेला तर जेमतेम सहा. म्हणजे दुरुस्तीआधी होती तशीच रायफल, मध्ये फक्त तेलाचा तमाशा.

क्लबमधल्या एका ज्येष्ठ काकांकडे स्प्रिंग कंप्रेसर आहे, रायफल उघडताना स्प्रिंग दाबून धरायचं साधन. त्यांनी आधी नळीच्या मागच्या सांध्यावर, जिथे नळी सिलिंडरला टेकते, टिश्यू पेपरची पट्टी ठेवून शॉट मारला. तिथली रबरी रिंग गळत असेल तर पट्टी फडफडते. पट्टी हलली नाही. म्हणजे दोष आतच. मग रायफल उघडली.

स्प्रिंग बाहेर आली ती आखूड होती. वरवर छान काळं ग्रीस, पण काकांनी रॉकेलच्या फडक्याने पुसली तेव्हा वेढ्यांवर गंजाचे बारीक खड्डे दिसले. नव्या स्प्रिंगची टोकं दाबून बंद केलेली आणि सपाट घासलेली असतात. हिचं एक टोक तसं होतं. दुसरं ग्राइंडरने नुसतं छाटलेलं, तार तिरकी आणि सुईसारखी टोकदार. माझीच तुटकी स्प्रिंग! त्याने छोटा तुकडा फेकून दिला, मोठा तसाच ठेवला आणि कमी पडलेली लांबी भरून काढायला मागे वॉशर रचले. त्या टोकाने स्प्रिंगच्या आतल्या मार्गदर्शक दांड्यावर गोल चरा पाडला होता. निघालेला लोखंडाचा कीस ग्रीसमध्ये मिसळून काळा लगदा झाला होता. बोटांत चोळला की वाळूसारखा करकरायचा. सीलही जुनंच. कड तपकिरी करपलेली आणि एका बाजूला नखाएवढा तुकडा उडालेला. नवं म्हणावं असं आत काही होतं तर ते वॉशर.

हे सगळं घेऊन मी दुकानात गेलो. आधी म्हणाला, "जुनी रायफल आहे साहेब, एवढंच निघणार." वॉशर टेबलावर ठेवल्यावर सूर बदलला, "तुम्ही बाहेर उघडलीत ना, आता आमची जबाबदारी संपली." कापलेल्या स्प्रिंगकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

खरं काम काकांनी केलं आणि मला शेजारी बसवून दाखवलं. रायफल कॉक केलेली नसतानाही स्प्रिंग दाबलेलीच असते, त्यामुळे कंप्रेसरशिवाय मागचा भाग सोडला तर तो थेट तोंडावर येऊ शकतो. हे घरी करून बघायचं काम नाही, निदान एकट्याने आणि साधनाशिवाय तर नाहीच. नवं सील बसवण्याआधी त्यांनी सिलिंडरमधल्या खाचेच्या धारदार कडा घासून बोथट केल्या, कारण आत सरकताना सील तिथेच कापलं जातं. सील सिलिंडरमध्ये ना सैल ना आवळ, हाताने ढकललं की अडत अडत जाईल इतकं घट्ट हवं. पिस्टनच्या अंगाला मॉलिब्डेनमच्या पेस्टचा पातळ हात, स्प्रिंगला जाड चिकट ग्रीस, तेही बेताने. सीलच्या पुढे, हवा दाबली जाते त्या जागेत, काहीही नाही. कृत्रिम सीलला तिथे साधं तेल नकोच. चामड्याच्या जुन्या पद्धतीच्या सीलची गोष्ट निराळी, त्याला थोडं तेल लागतं.

तुम्ही रायफल द्याल तेव्हा आधी क्रोनोग्राफवर आकडे घ्या, छर्ऱ्याचं वजन लिहून ठेवा, आणि परत घेताना तोच छर्रा वापरून सलग शॉट मारायला लावा. पत्रा फोडून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. जुने पार्ट परत हवेत, हे रायफल देतानाच पावतीवर लिहून घ्या. जो खरंच पार्ट बदलतो त्याला जुनी स्प्रिंग परत द्यायला काहीच जड जात नाही. नवी स्प्रिंग बसवण्याआधी समोर ठेवायला सांगा आणि दोन्ही टोकं बघा. आणि ताकद तपासायला रिकामा शॉट कुणालाही मारू देऊ नका. छर्रा नसला तर पिस्टनला समोर हवेची गादी मिळत नाही, तो जाऊन सिलिंडरच्या टोकावर आपटतो आणि नवं सीलही पहिल्याच दिवशी फाटू शकतं.

माझी रायफल आता २००च्या थोडी वर स्थिर आहे. धूर नाही, आवाजही दबका, ठक् असा. दुकानदाराकडून पैसे अजून आलेले नाहीत. लेखी तक्रार दिली आहे, सोबत बिल, दोन्ही वेळचे आकडे आणि त्या छाटलेल्या टोकाचा जवळून काढलेला फोटो जोडलाय. स्प्रिंग आणि वॉशर पिशवीत बांधून ठेवलेत, विचारलं की दाखवायला.