होकायंत्र, डीजी की स्लेव्ड जायरो? छोट्या विमानात हेडिंगसाठी, म्हणजे नाक कुठल्या दिशेला आहे हे कळण्यासाठी, भरवसा कशावर ठेवावा

कॉकपिटच्या काचेजवळची द्रवाने भरलेली छोटी डबी म्हणजे चुंबकीय होकायंत्र. त्याला ना वीज लागते, ना पंप. म्हणून मोठ्या जेट विमानांतही ते राखीव म्हणून टिकून आहे. पण वळणात त्याच्यावर विसंबू नका. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून उजवीकडे वळायला लागलात, की ते आधी डावीकडे वळल्यासारखं दाखवतं. पूर्वेला किंवा पश्चिमेला जाताना नुसता वेग वाढवला, तरी विमान उत्तरेकडे वळल्याचा भास होतो. शिवाय नाक उत्तरेला असताना कार्डावर, म्हणजे त्याच्या दिशा लिहिलेल्या तबकडीवर, पूर्व डावीकडे दिसते. नवशिका इथे हमखास उलट्या बाजूला वळतो.

डीजी, म्हणजे दिशादर्शक जायरो (वेगाने फिरणाऱ्या चकतीवर चालणारं यंत्र), वळणात शांत राहतो आणि वाचायला सोपा असतो. मात्र उत्तर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं, तुम्ही लावून द्याल तीच त्याची उत्तर. पृथ्वी फिरते म्हणून ३० अंश अक्षांशावर तो तासाला ७.५ अंश सरकतो. घर्षणाची भर वेगळीच. त्यामुळे दर १५ मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवावा लागतो, आणि तोही विमान सरळ, समपातळीत, एका वेगात असतानाच. वळता वळता घाईने जुळवलेल्या डीजीपेक्षा न जुळवलेला परवडला! १० अंशांची चूक राहिली, तर ६० नॉटिकल मैलांनंतर तुम्ही वाटेपासून दहाएक मैल बाजूला असता.

स्लेव्ड जायरोत हे काम यंत्रच करतं. पंखाच्या टोकाकडे, इंजिन आणि रेडिओपासून दूर बसवलेला फ्लक्स व्हॉल्व्ह पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि जायरोला सतत जागेवर आणत राहतो. तुम्ही ढगांत उडणार असाल, तर माझ्या मते पैसे इथेच घालावेत, कारण कामाच्या गर्दीत डीजी जुळवायचा राहून जातोच. दिवसा, स्वच्छ हवेत उडणाऱ्याला साधा डीजी पुरतो.

जीपीएस मात्र या तिघांची जागा घेत नाही. तो विमान जमिनीवरून कुठल्या दिशेने सरकतंय ते सांगतो, नाक कुठे आहे ते नाही. उत्तरेचा जोरदार वारा असेल, तर नाक ०९० वर, म्हणजे थेट पूर्वेला, असूनही जीपीएस १०० दाखवू शकतो. हवाई वाहतूक नियंत्रकाने ‘हेडिंग ०९०’ सांगितलं, तर नाक ०९० वरच ठेवायचं. वाऱ्याचा हिशेब त्याने आधीच केलेला असतो.