टीव्ही सेंटरकडचं रेझ्युमचं दुकान: काम एक नंबर, पण स्पेलिंग स्वतः तपासा

छत्रपती संभाजीनगरला टीव्ही सेंटरकडं झेरॉक्सच्या दुकानात एक ताई बसतात, त्यांच्याकडून भाच्याचा रेझ्युम करून घेतला. एक कॉम्प्युटर, दोन स्टूल, पाटी पण धड नाही. तिथं कोणालाबी विचारा, दाखवतील.

मी वाळूजला एका छोट्या व्हेंडरकडं क्वालिटीला आहे, भरती निघाली की रेझ्युमचा गठ्ठा आमच्याच टेबलवर येऊन पडतो आणि खरं सांगतो, निम्मे एकाच साच्यातले असतात. वर ते चॅलेंजिंग वातावरणात काम करून कंपनीची प्रगती करायचं ऑब्जेक्टिव्ह, खाली वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालं का नाही, छंद क्रिकेट, शेवटी माहिती खरी असल्याचं डिक्लेरेशन. पोरगं मशीन कोणती चालवतं ते दुसऱ्या पानाच्या तळाला. तिथपर्यंत कोण जातंय हो?

भाचा परभणीहून येताना कॅनव्हा या डिझाईनच्या अ‍ॅपवर केलेला घेऊन आलता, निळी पट्टी, फोटो, एक्सेलला पाचपैकी चार स्टार. ताईंनी ती पीडीएफ उघडली, सगळं सिलेक्ट करून कॉपी मारलं आन् नोटपॅडमधी पेस्ट केलं. मोबाईल नंबर डिप्लोमाच्या मार्कात घुसलेला, कंपनीचं नाव एकीकडं, तारखा भलतीकडंच. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला दोन कॉलमचं बरेचदा असंच खिचडी होऊन दिसतं म्हणे. स्टारचं तर विचारूच नका, चार स्टार म्हणजे एक्सेलचा व्हीलूकअप फॉर्म्युला येतो का नाही, काय समजायचं माणसानं?

मंग खरं काम सुरू झालं. भाच्यानं अनुभवात एवढंच टाकलतं, वर्क्ड अ‍ॅज ऑपरेटर इन प्रॉडक्शन डिपार्टमेंट. ताई म्हणल्या, "अरे पण करत काय होतास?"
"मशीन चालवायचो."
"कोणती?"
"व्हीएमसी."
"कंट्रोल कोणता? सेटिंग कोण करायचं?"
व्हीएमसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंगचं मशीन. त्याचा कंट्रोल फानुक कंपनीचा, आणि नाईटला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, नसायचा म्हणून टूल ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची सेटिंग, हाच टाकायचा, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायचा, मापं घ्यायला व्हर्नियर-मायक्रोमीटर बी येतं. ताई म्हणल्या, "मग हे कुठाय याच्यात?" पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. तीच चार वाक्यं आता पहिल्या पानावर वरच्या अर्ध्यात आहेत, आणि आमच्याकडं असा कागद आला तर मी तो बाजूला काढून ठेवणार, एवढं नक्की. माझ्या मते पैसे द्यायचे ते या प्रश्नांचे, टायपिंग काय कोणीबी करतंय.

आमच्या भाचेसाहेबांनी मधीच सहा महिने अनुभव वाढवून टाका म्हणून पाहिलं. ताईंनी सरळ नाही सांगितलं, पीएफच्या यूएएन नंबरवर नोकरीला लागल्याची अन् सोडल्याची तारीख निघती, कशाला फजिती करून घेतोस. हे आवडलं. उलट नोकरीच्या जाहिरातीतले जे शब्द याला खरंच लागू होते, ते जसेच्या तसे घालून दिले, आणि धर्म-छंद-डिक्लेरेशन सगळं उडवलं. सगळा मामला एका पानात.

आता तक्रारी. ताईंचं इंग्रजी टायपिंग घाईचं आहे, मेंटेनन्सचं स्पेलिंग एकाच पानावर दोन प्रकारानं चुकलेलं, ते मी पकडलं म्हणून बरं. अडीचशे रुपये घेतात, ठीक आहे, पण त्यात फक्त पीडीएफ देतात, वर्ड फाईलला पन्नास वेगळे, हे काही पटलं नाही कारण प्रत्येक जाहिरातीला थोडं बदलावंच लागतं आणि दरवेळी दुकानात कोण चकरा मारणार. पन्नास द्या पण वर्ड घ्याच. फाईलचं नाव पण बदलून घ्या, फायनल न्यू टू असल्या नावाची फाईल कोणाला पाठवायची.

शेंद्र्याच्या एका कंपनीतून भाच्याला बोलावणं आलं, इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न नाईटच्या सेटिंगवर. सिलेक्शनचं अजून कळायचंय, ते काही कागदावर नसतं.

जायचं तर दुपारी जा. संध्याकाळी क्लासवाल्या पोरांची झेरॉक्सला झुंबड असते, आणि जूनमधी अ‍ॅडमिशनचे फॉर्म चालू असतात तेव्हा ताई इतकं खोदून विचारतील असं वाटत नाही. गाडी लांब लावा, समोर जागा नाही.