लोह, झिंक, तांबं एकाच गोळीत: रक्तवाढीच्या कॉम्बिनेशन गोळ्या

या गोळ्यांच्या पाकिटावरची मोठी अक्षरं सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ‘फेरस फ्युमरेट ३०० मिग्रॅ’ म्हणजे ३०० मिग्रॅ लोह नव्हे; फ्युमरेट, ग्लुकोनेट हे लोहाचे क्षार. फ्युमरेटमध्ये लोह सुमारे ३३ टक्के, म्हणजे हाती लागतं जेमतेम १०० मिग्रॅ. ग्लुकोनेटमध्ये तर १२ टक्केच. झिंकचंही तेच: ६१.८ मिग्रॅ झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये झिंक २२.५ मिग्रॅ.

लोहाच्या बाबतीत या गोळ्या फक्त लोहाच्या साध्या गोळीइतक्याच कामाच्या. झिंक मात्र बरंचसं शोभेचं; उपाशीपोटी लोहाचा मोठा डोस सोबत असला की त्याचं शोषण मंदावतं. झिंकची खरीच कमतरता असेल तर ते दोन तासांच्या अंतराने वेगळं घ्यावं.

खरी गोम तांब्यात आहे. आतड्याच्या पेशीतून बाहेर पडणारं लोह फेरस (Fe²⁺) रूपात असतं, पण रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन, ट्रान्सफेरिन, ते फेरिक (Fe³⁺) रूपातच उचलतं. हा बदल करणारी हेफेस्टिन आणि सेरुलोप्लाझ्मिन ही दोन्ही प्रथिनं तांब्यावर चालतात. तांबं कमी पडलं की लोह साठ्यातच अडकतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि बहुधा पांढऱ्या पेशीही घटतात. आता हिशोब करा: २२.५ मिग्रॅ झिंकची गोळी दिवसातून दोनदा म्हणजे ४५ मिग्रॅ. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४०. जादा झिंकमुळे आतड्याच्या पेशीत मेटॅलोथायोनिन हे धातू बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की तांबंही मलावाटे जातं. तांबं न घातलेली अशी गोळी महिनोन्महिने चालवणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. (लेबलवर कोबाल्ट दिसला तर हुरळू नका, शरीराला तो बी-१२च्या रूपातच लागतो.)

निव्वळ लोहाच्या कमतरतेला आमची पसंती साध्या गोळीलाच. जेवणाआधी तासभर घ्यावी. चहा, कॉफी, कॅल्शियम लांब ठेवावं. पोट बिघडलं तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. डोसनंतर हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक वाढून सुमारे दिवसभर पुढचं शोषण अडवतं, त्यामुळे तोटा वाटतो तितका होत नाही. मल काळा होतो, त्याने घाबरू नये.

चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही चढलं नाही तर ब्रँड बदलत बसू नये. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी), बी-१२ आणि कुठे रक्तस्राव होतोय का ते तपासावं. झिंक बरेच महिने चालू असेल तर रक्तातलं तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिनही. शरीरात दाह असला किंवा गर्भारपण असलं की सेरुलोप्लाझ्मिन एरवीच वाढतं, म्हणून तो आकडा एकटा वाचू नये.