78,500 चं 'अमेरिकन' हिच आणि 47.6 मिलिमीटरचा बॉल

एकूण 88,200 रुपये गेले. हिचचे, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांध्याचे, 78,500, 'कस्टम'चे 6,200 आणि फिटिंगचे 3,500. आधी 40,000 ॲडव्हान्स, मग मधेच उगवलेलं कस्टम, मग खोकं उघडायच्या आत उरलेली रक्कम. हा क्रम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मलाही होता. नातेवाइकांना असल्या गोष्टींपासून सावध करणारा घरातला माणूस मीच, त्यामुळे आता चारचौघांत जे ऐकून घ्यावं लागतंय ते विचारूच नका.

आमचा राहण्याचा ट्रेलर लहान आहे, सामान भरून साधारण 1,100 किलो. एसयूव्हीच्या मागे जोडला की गाडीचं बूड बसायचं, आणि बायपासवर एखादा ट्रक शेजारून गेला की ट्रेलरची शेपूट डुलायची. यावर दोन वेगळे इलाज असतात. स्प्रिंग बार मागे पडलेला भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटून देतात. घर्षणाची दांडी डोलणं आवरते. दोन्ही एकत्र असलेलं हिच इंदूरमध्ये दुकानोदुकानी मांडलेलं नसतं. म्हणून देवास नाक्याकडचा एक ॲक्सेसरीवाला म्हणाला, "काका, अमेरिकन माल आहे, एकच पीस उरलाय," तेव्हा भाव ताडून बघायला दुसरं दुकानच नव्हतं. वर तो चक्क मराठीत बोलत होता. आजोळ रामबागेत, इंदूरच्या मराठी वस्तीत, म्हणाला. आपल्या लोकांना एवढं पुरतं.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. त्याने गाडी कोणती विचारलं, बिल कुणाच्या नावाने विचारलं, चहात साखर किती तेही विचारलं. टंग वेट विचारलं नाही! ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो तो लोखंडी गोळा) खाली दाबतो, तो आकडा माहीत असल्याशिवाय स्प्रिंग बार निवडताच येत नाहीत. अमेरिकन हिशेबाने तो ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा, म्हणजे माझ्यासाठी 110 ते 165 किलो. कमी पडला की ट्रेलर डोलणारच, हिच कितीही भारी लावा. मी आपणहून आकडा काढला, तर म्हणाला, "त्याचं टेन्शन नका घेऊ काका, सगळं ॲडजस्टेबल आहे." त्या वाक्याला उठून चपला घालायच्या होत्या. पण समोर व्हिडिओ चालू होता, हिच बसवलेली गाडी झोकात वळत होती. त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मला वाटलं, चला, माल खरोखर बाहेरचा दिसतोय. तुम्हाला काय वाटलं असतं?

आणि मी काही नवखा नाही. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी झाली, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर अजून कपाटात आहे. खोकं उघडलं त्याच संध्याकाळी बॉल मोजला: 47.6 मिलिमीटर, म्हणजे पावणेदोनच्या वरचा, पण दोन इंचांना कमी असा एक आणि सात अष्टमांश इंच. माझा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, 50 मिलिमीटरचा. असा बॉल खड्ड्यात कपलरमधून निसटू शकतो. चांगल्या बॉलवर माप आणि क्षमता धातूत ठोकलेली असते; इथे स्टिकर होता, नखाने निघाला. स्प्रिंग बारला कानस लावली तर लोण्यासारखी चालली, साधं एमएस, म्हणजे मऊ पोलाद, वर काळा रंग. आणि त्याच्या फिटरने घर्षणाच्या दांडीला ग्रीस फासलं होतं. घर्षणाच्या दांडीला!

दुसऱ्या दिवशी तक्रार केली, तर म्हणाला, "बॉल बदलून देतो, 2,800 होतील." नंतर फोन उचलणंच बंद.

आता ठाणं. मुन्शीने विचारलं, "ट्रेलर मतलब ट्रॅक्टरवाला?" मी समजावलं. "माल तो मिला ना? फिर धोखा कैसा?" म्हटलं, फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. तो हसून म्हणाला, "अंकल, हम तो चार सौ बीसही बोलते हैं," आणि अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर साहेब बाहेर. पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, दुकान शहरातच आहे, ठाण्यात जा. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. बिलावरचा जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकला तर निघाला भलत्याच धंद्याचा. त्या खात्यातला माणूस म्हणाला, ऑनलाइन टाका, बघू. 88,200 रुपयांत मला एवढ्या खुर्च्या दाखवल्या, पण एकाही खुर्चीतल्या माणसाला दुकानापर्यंत जाऊन शटर बघावंसं वाटलं नाही. दोन किलोमीटरही नाही हो! हेल्मेटची पावती फाडायला मात्र त्याच चौकात चौघं उभे असतात.

घेणार असाल तर जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा, पोर्टलवर फुकट दिसतो. पैसे दुकानाच्या खात्यात, माणसाच्या नव्हे. माझे त्याच्या मेव्हण्याच्या नावावर गेले. व्हर्नियर खिशात ठेवा. धर्मकाट्यावर आधी अख्खा ट्रेलर तोला, मग पुढचं जॉकी व्हील (सुटा ट्रेलर ज्यावर टेकतो ते छोटं चाक) काट्याबाहेर उभं करून. फरक म्हणजे जवळपास टंग वेट. सामान मागच्या टोकाला ठासू नका. ट्रेलर डोललाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच लावा. ऑनलाइन पैसे गेले तर तासाभरात 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मी उशीर केला कारण मला वाटत होतं तो बॉल बदलून देईल.

ग्राहक आयोगात केस टाकली आहे. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच टाकता येते, एवढं तरी बरं. त्याला गेलेली नोटीस 'इसम पत्त्यावर नाही' या शेऱ्याने परत आली. मी त्याच सकाळचा उघड्या दुकानाचा फोटो जोडून दिलाय, गल्ल्यावर तो स्वतः बसलेला. पुढची तारीख पडली आहे. दरम्यान त्याच्या स्टेटसवर तोच व्हिडिओ फिरतोय, एकच पीस उरलाय म्हणे, भाव 84,000.